वृक्षडेलिया : विक्रोळीच्या हवेंत त्याची लागवड व निगा

नवें झाड दृष्टीस पडलें कीं शेतकऱ्याच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. हें आपल्या जमिनींत होईल काय, हा पहिला. आणि झालें तर त्यापासून चार पैसे सुटतील काय, हा दुसरा. वृक्षडेलियाच्या बाबतींत ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें सारखीं नाहींत. पहिल्याचें उत्तर, योग्य ती तजवीज केल्यास, ‘होईल’ असें आहे. दुसऱ्याचें उत्तर पुष्कळ सावधपणें द्यावें लागतें. फुलाचें चित्र पाहून किंवा रोपें विकणाराच्या वर्णनास भुलून, झाड होतें त्या अर्थीं पैसाही होईल असें गृहीत धरलें, तर दोन वर्षांची मेहनत व जागा वायां जाण्याचा संभव असतो. सबब ह्या झाडाचा स्वभाव, त्याची लावणी, निगा व जमाखर्च ह्यांचा क्रमवार विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विवेचनास ठिकाण म्हणून आम्हीं विक्रोळी घेतली आहे. १९४० च्या दशकांत पिरोजशा गोदरेज ह्यांनीं येथील बरीच जमीन खरेदी केली, पुढें कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या, आणि आतां हा शेतीचा गांव राहिलेला नाहीं. तथापि जमिनीच्या रचनेच्या दृष्टीनें हें ठिकाण मोठें बोधप्रद आहे. पश्चिमेस मुरमाड टेकड्यांचा उतार, मध्यें भराव घालून उंच केलेली सपाटी, आणि पूर्वेस ठाण्याच्या खाडीचें खाजण व तिवरांचें वन, असे तीन प्रकार येथें अर्ध्या तासाच्या चालीवर पाहावयास मिळतात. कोंकणपट्टींतील पुष्कळ शेतकऱ्यांची जमीन ह्यांपैकीं कोणत्या तरी एका प्रकारांत मोडते. त्यामुळें विक्रोळीचा विचार ठाणें, पनवेल, अलिबाग इकडील वाचकांसही उपयोगीं पडावा.

झाडाची ओळख

डेलिया हें मूळचें मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलुखाचें झाड. माद्रिद येथील वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानीयेस ह्यांनीं १७९१ सालीं आंद्रेआस दाल नांवाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ ह्या कुळास हें नांव दिलें. आपल्याकडे हिंवाळ्यांत कुंड्यांतून जो डेलिया लावतात तो दोनतीन हात उंचीचा व पुष्कळ संकर होऊन तयार झालेला आहे. वृक्षडेलिया हा त्याचाच थोरला भाऊबंद. त्याचें शास्त्रीय नांव ‘डेलिया इम्पेरिआलिस’ असें असून तें १८६३ सालीं प्रसिद्ध झालें.

मायदेशीं हें झाड एका हंगामांत पंचवीस ते तीस फूट उंच जातें. वृक्ष हें नांव केवळ उंचीवरून पडलें. लाकूड असें त्यास नसतें. जमिनींतील कंदांपासून दरवर्षीं नवे सोट निघतात, फुलें येऊन गेलीं कीं ते वाळतात. सोट बांबूप्रमाणें पेरापेरांचा व आंतून पोकळ असतो. पानें मोठीं व अनेक पर्णिकांचीं असतात. फूल एकेरी, चारपांच इंच रुंदीचें, फिकट जांभळट गुलाबी, मध्यें पिंवळें व खालीं झुकलेलें असें येतें. पांढऱ्या व दुहेरी फुलांचे प्रकारही आहेत. ग्वाटेमालांतील केक्ची लोक ह्याच्या कोंवळ्या पाल्याची भाजी करतात. आपल्या वाचकांनीं मात्र हें झाड शोभेचेंच समजावें.

अक्षांश तोच, उंची निराळी

ह्या झाडाच्या लागवडीचें सारें मर्म एका गोष्टींत सांठविलेलें आहे. मेक्सिको शहराचा अक्षांश १९ अंश व कांहीं कला उत्तर. विक्रोळीचा अक्षांशही १९ अंश व कांहीं कला उत्तर. म्हणजे दोन्हीं ठिकाणीं दिवस सारख्याच क्रमानें वाढतो व घटतो. येथें २१ जूनचा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा, तर २२ डिसेंबरचा सुमारें अकरा तासांचा असतो. वृक्षडेलियास कळी धरण्यासाठीं दिवस लहान व रात्र मोठी व्हावी लागते. हस्त नक्षत्र लागण्याच्या सुमारास रात्र दिवसाहून मोठी होऊं लागते, तेथपासून कळीची तयारी सुरू होते व कार्तिक-मार्गशीर्षांत फूल उमलतें. इंग्लंडसारख्या उत्तरेकडील देशांत ह्याच सुमारास कडक थंडी पडून कळ्या करपतात. आपल्याकडे ती भीति नाहीं. पाऊसही दोहोंकडे उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरापर्यंत पडतो. सारांश, ह्या झाडाचें पंचांग आपल्या पंचांगाशीं जुळतें.

जुळत नाहीं ती उंची. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारें सवासात हजार फुटांवर आहे. वृक्षडेलियाचें रानही बहुधा पांच हजार फुटांच्या आसपास किंवा त्याहून वर असतें. विक्रोळी समुद्राच्या पातळीस लागून. ह्या एका भेदापासून दोन संकटें उत्पन्न होतात. पहिलें उष्णतेचें. मेक्सिको शहरांत उन्हाळ्यांतही रात्र बारातेरा अंशांपर्यंत थंड होते. आपल्याकडे मे महिन्यांत रात्रींही पारा सव्वीस-सत्तावीस अंशांच्या खालीं सहसा उतरत नाहीं. दिवसा कमावलेलें अन्न अशा गरम रात्रीं खर्चीं पडतें व झाड खुरटतें.

दुसरें संकट पाण्याचें. मेक्सिको शहरास वर्षाकाठीं सुमारें तीस ते पस्तीस इंच पाऊस पडतो. मुंबईच्या उपनगरांत जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच सुमारें नव्वद इंच पडतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सदतीस इंच पाऊस झाला. मेक्सिको शहरास जें पाणी वर्षभरांत मिळतें त्याहून अधिक येथें एका दिवसांत कोसळलें. कंदाचें झाड अशा पाण्यांत दोन दिवस उभें राहिलें तर तें कुजणारच. तेव्हां विक्रोळीस ह्या झाडाच्या मालकाचीं मुख्य कामें दोनच: उन्हाळ्यांत मूळ थंड ठेवणें, आणि पावसाळ्यांत मुळाशीं पाणी थांबूं न देणें. पुढील सर्व सूचना ह्या दोन कामांच्याच पोटांत येतात.

जमीन

खाजणांत किंवा खाडीलगतच्या खार जमिनींत हें झाड लावूं नये. उन्हाळ्यांत मातीवर पांढरें फूल येतें काय, हें पाहावें. येत असल्यास ती जागा सोडावी. विहिरीचें किंवा कूपनलिकेचें पाणी मचूळ असेल तर तेंही ह्या कामीं वर्ज्य समजावें. भरावाच्या जमिनींत दोन फूट खणून पाहावें. आंत विटांचे तुकडे, चुना व चिकट माती निघाल्यास ती काढून नवी माती भरल्यावांचून लावणी करूं नये.

टेकडीचा मुरमाड उतार सर्वांत उत्तम. त्यास पूर्वेचें ऊन व दुपारनंतर एखाद्या आंब्याची किंवा भिंतीची सांवली मिळत असेल तर अधिक बरें. दोन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा घ्यावा. तळाशीं सहा इंच खडी किंवा खापऱ्यांचे तुकडे घालावे. वर दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाड रेती व एक भाग पुरतें कुजलेलें शेणखत असें मिश्रण भरून तें जमिनीच्या वर दीड फूट येईल असा उंचवटा करावा. उंचवट्याभोंवतीं एक फूट खोलीचा चर काढून त्याचें तोंड उताराकडे सोडावें. चर नसलेला उंचवटा दुसऱ्या पावसाळ्यांत बसतो व त्याचें आळें बनतें, हें लक्षांत ठेवावें.

बेणें

बियांपासून रोपें होतात, परंतु वेळ फार लागतो व गुण सारखे उतरत नाहींत. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यास ह्या झाडाचें बेणें समजावून सांगावयास नको. उसाच्या टिपऱ्यांप्रमाणेंच सोटाचे तुकडे करून लावावयाचे असतात. फुलें संपल्यावर, डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारींत, पक्का झालेला अंगठ्याएवढा जाड सोट निवडावा. शेंड्याकडील हिरवा भाग टाकून द्यावा. प्रत्येक तुकड्यावर निदान दोन पेरें असावीं व काप पेराच्या बाहेर दोन बोटें घ्यावा. उसाचें टिपरें भरीव असतें, हें पोकळ असतें. पेरावरील पडदा कापला गेला तर पाणी आंत शिरून तुकडा कुजतो. दोन्हीं टोंकांस शेणमातीचा लेप द्यावा.

असे तुकडे सांवलींतील रेतीच्या वाफ्यांत तीन इंच खोल आडवे ठेवावे. रेती ओली असावी, चिंब नसावी. डोळे फुटून कोंब चारपांच इंच झाले व खालीं मुळें सुटलीं कीं प्रत्येक कोंब मुळांसह वेगळा करून निदान बारा इंच रुंदीच्या कुंडींत किंवा पिशवींत लावावा.

पहिलें वर्ष

ह्या रोपांस फाल्गुनापासून मृगापर्यंत उन्हाचा ताप चुकवावयाचा असतो. आंब्याच्या किंवा चिकूच्या विरळ सांवलींत त्या कुंड्या ठेवाव्या. झाड नसल्यास ताटीचा मांडव करावा. कुंडीवर भाताच्या पेंढ्याचें किंवा वाळल्या पाल्याचें दोन इंच आच्छादन द्यावें. पाणी सकाळीं द्यावें. भर दुपारीं पानें मान टाकतात म्हणून लगेच पाणी ओतूं नये. संध्याकाळीं तीं आपोआप उभीं राहिलीं तर मुळाशीं ओल पुरेशी आहे असें समजावें.

मृगाच्या आरंभीं कुंड्या पडवीच्या कडेस, उजेड मिळेल पण पागोळ्यांचें पाणी पडणार नाहीं अशा जागीं, दोन विटांवर ठेवाव्या. विटांमुळें बुडाचें भोंक मोकळें राहतें. आर्द्रेपासून आश्लेषेपर्यंतचा जोराचा पाऊस असा बाहेरच काढावा. मघा-पूर्वा नक्षत्रांत, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत, पावसाची उघडीप पाहून तयार केलेल्या उंचवट्यावर रोप लावावें. दोन झाडांत सहा फुटांचें अंतर असावें. पहिल्याच पावसाळ्यांत उघड्यावर लावलेलें रोप मोठें दिसतें खरें, परंतु त्याचा कंद अद्याप लहान असतो व सततच्या ओलीनें तोच प्रथम जातो.

शेंडा खुडणें व आधार

आपल्याकडे तीस फूट उंचीचा हव्यास धरूं नये. पोकळ सोट पावसाळी वाऱ्यांत पेरापाशीं मोडतात. रोप दोन फूट झालें कीं शेंडा खुडावा, म्हणजे बाजूचे फाटे फुटतात. पुन्हा ते फाटे हातभर वाढले म्हणजे त्यांचेही शेंडे खुडावे. शेवटची खुडणी १५ ऑगस्टच्या आंत संपवावी. त्यानंतर खुडल्यास कळीचा हंगाम हातचा जातो. अशा रीतीनें झाड आठदहा फुटांत आटोपतें, वारा सोसतें, आणि फुलें नजरेच्या टप्प्यांत येतात.

लावणीच्या वेळींच तीन भक्कम बांबू त्रिकोणांत रोंवावे. मागाहून बांबू ठोकल्यास कंद फुटतात. सोट काथ्यानें सैल, आठाच्या आकड्याच्या गांठीनें बांधावे. लावणीनंतर तीन आठवड्यांनीं झाडास पावशेराएवढी निंबोळी पेंड व दोन मुठी लाकडाची राख देऊन मातीची भर घालावी. युरिया किंवा ताजें शेण देऊं नये; त्यानें पाला माजतो, सोट ठिसूळ होतात व फूल मागें पडतें.

दिव्याचा उजेड

शेवंतीचे बागाईतदार फूल लांबविण्यासाठीं रात्रीं दिवे लावतात, हें कित्येक वाचकांस ठाऊक असेल. दिव्यामुळें झाडास रात्र लहान भासते व तें कळी धरीत नाहीं. जें शेवंतीस लागू तेंच वृक्षडेलियास. विक्रोळीसारख्या ठिकाणीं रस्त्याचे, कारखान्याचे व इमारतींच्या आवाराचे दिवे रात्रभर जळतात. झाड हिरवेंगार असूनही नोव्हेंबर उलटला तरी कळी दिसत नसेल, तर खतास दोष देण्यापूर्वीं रात्रीं त्या जागीं उभें राहून पाहावें. दिव्याचा झोत पानांवर पडत असेल तर सप्टेंबरच्या मध्यापासून आडोसा करावा. लावणीपूर्वीं ही परीक्षा केल्यास सर्वांत उत्तम.

रोग व किडी

पावसाळ्यांत मोठ्या गोगलगायी एका रात्रींत कोंवळे कोंब फस्त करतात. त्या संध्याकाळीं कंदिलाच्या उजेडांत वेंचून मिठाच्या पाण्यांत टाकाव्या. मीठ झाडाच्या मुळाशीं मात्र पसरूं नये. ऑक्टोबरच्या उन्हांत पानांच्या खालच्या बाजूस तांबडा कोळी पडतो व पानें पिंवळट ठिपक्यांचीं होतात. पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारल्यानें तो पुष्कळ आटोक्यांत येतो. मावा व पिठ्या ढेकूण ह्यांवर पांच टक्के निंबोळी अर्क आठ दिवसांच्या अंतरानें फवारावा. थंडी पडल्यावर पानांवर भुरी आल्यास पाण्यांत मिसळणारें गंधक लिटरमागें दोन ग्रॅम घेऊन सकाळीं अगर संध्याकाळीं फवारावें. कडक उन्हांत तें मारल्यास पानें भाजतात.

दोन दुखणीं औषधापलीकडचीं आहेत. पानें आंखडून त्यांवर फिकट-गडद असे चट्टे पडूं लागले तर तो विषाणूचा रोग समजावा. तें झाड उपटून जाळावें व त्याचें बेणें कोणासही देऊं नये. दुसरें कंदकूज. सोट बुडाशीं काळा पडून त्यास घाण वास येऊं लागला कीं तें झाड गेलें; मात्र त्याच्या धडधाकट सोटाचीं पेरें ताबडतोब रेतींत लावल्यास वाण वांचूं शकतो.

फुलानंतर व दुसरें वर्ष

फूल संपतांच सोट जमिनीपासून एक फुटावर कापावे व त्यांचें बेणें करावें. उरलेल्या खुंटांत पावसाचें पाणी सांठून तें कंदापर्यंत कूज नेतें. म्हणून काप पेराच्या लगत वर घ्यावा आणि मृगापूर्वीं प्रत्येक खुंटाचें तोंड चिकणमातीनें बंद करावें. उन्हाळ्यांत कंद जमिनींतच राहूं द्यावे, वर चार इंच पाल्याचें आच्छादन द्यावें, व आठवड्यांतून एकदां बेताचें पाणी द्यावें. रोहिणी नक्षत्रांत चर साफ करून उंचवट्यास नवी माती चढवावी. ज्याचा चर साफ, त्याचा कंद शाबूत, एवढें सूत्र ध्यानांत धरलें तरी पुरें. तथापि दरवर्षीं दोनचार रोपें कुंडींत राखून ठेवावीं. बियाण्याची कणगी सगळी एकाच कोपऱ्यांत ठेवूं नये हा आपला जुना शिरस्ता येथेंही पाळावा.

जमाखर्च

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. सहा फुटांच्या अंतरानें एका गुंठ्यांत सुमारें तीस झाडें बसतात. तीं वर्षभर जागा अडवितात व फूल सुमारें महिनाभर देतात. त्याच गुंठ्यांत दीड फुटांवर झेंडूचीं सुमारें चारशेंऐशीं रोपें बसतात आणि तीनचार महिन्यांत जागा मोकळी होते. ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, दादरच्या फुलबाजारांत जें फूल पोंचतें तें ढिगांत, टोपलींत व हाताळणींत टिकलें पाहिजे. झेंडू व शेवंती तें सोसतात. वृक्षडेलियाची पाकळी पातळ, देंठ पोकळ व मान झुकलेली. कापलेलें फूल लवकर कोमेजतें व पाकळ्या गळतात. म्हणून सुट्या फुलाच्या विक्रीसाठीं हें झाड लावूं नये, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. ह्यासाठीं कर्ज काढणें किंवा भाताचें, भाजीचें शेत मोडणें तर सर्वथा गैर होय.

उपयोग नाहीं असें मात्र नाहीं. ज्या दिवसांत बांधावर दुसरें उंच फूल सहसा नसतें त्या दिवसांत हें झाड शोभा देतें, व एकेरी फूल असल्यानें मधमाशांस पराग मिळतो. एका चांगल्या गड्ड्याच्या चार सोटांपासून पंधरावीस तुकडे बेणें निघतें. बागा करणाऱ्यांकडून आगाऊ मागणी आल्यास त्याची विक्री करतां येईल. मागणी हातीं नसतां रोपें वाढवून ठेवणें मात्र टाळावें.

ज्यांची जमीन घाटमाथ्यावर आहे त्यांची स्थिति अधिक अनुकूल समजावी. पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें ४,२०० फूट उंच; म्हणजे ह्या झाडाच्या मायभूमीच्या पुष्कळ जवळ. महाबळेश्वर थोडें अधिक उंच आहे, पण तेथील पाऊस पांचगणीहून कितीतरी जास्त, त्यामुळें निचऱ्याची काळजी तेथें दुप्पट घ्यावी. वेण्णा तलावाच्या परिसरासारख्या सखल जागीं थंडीच्या लाटेंत दंव गोठतें, आणि गोठलेलें दंव ह्या झाडास मारक. सबब तिकडे दरीच्या तळाऐवजीं उतारावर लावणी करावी. एकोणिसाव्या शतकांत जॉन चेसन ह्यांनीं पांचगणीस सिल्व्हर ओकसारखीं परदेशी झाडें आणून रुजविलीं, तीं तेथें आजही दिसतात. योग्य उंची मिळाली तर परकें झाड कसें आपलें होतें ह्याचा तो दाखला होय.

विक्रोळीच्या शेजारींही अशा प्रयोगांची परंपरा आहे. पवईच्या इस्टेटीवर फ्रामजी कावसजी बनाजी ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ऊस, नीळ, तुती अशीं नाना पिकें करून पाहिलीं. १८३८ सालीं व्हिक्टोरिया राणीकडे त्यांनीं जी भेट धाडली ती मात्र आंब्यांची होती. ह्यांतील तात्पर्य आमच्या वाचकांच्या ध्यानांत येईलच. नवें झाड करून पाहण्याची हौस शेतकऱ्यास असावी. तिच्यावांचून शेती पुढें जात नाहीं. पण घराचा भार सिद्ध झालेल्या पिकावर ठेवावा आणि हौसेस बांधाची जागा द्यावी. वृक्षडेलियाचीं पांचसहा झाडें, उंच गादीवर, साफ चरासह, दिव्याच्या उजेडापासून दूर, एवढा प्रयोग कोणाही शेतकऱ्यास परवडण्यासारखा आहे. दोन पावसाळे त्यांनीं काढले म्हणजे पुढें किती लावावयाचीं हें ज्यानें त्यानें आपल्या जमिनीकडे पाहून ठरवावें.